ठमीसाठी बाजूला ठेवलेलं गवत

आधीच सांगून टाकते, मी मत्सरी बाई आहे. लोक म्हणतात, थोरली फटकळ आहे पण मनाने निर्मळ. निर्मळ-बिर्मळ काही नाही. तोंडाने फटकळ असलं की मनातलं सगळं बाहेर पडत असेल असं लोकांना वाटतं, आणि मीही ते वाटू देते. आमच्या तबेल्यात आठ घोडे आहेत. त्यातल्या एका घोडीवरून मी माझ्या धाकट्या जावेवर दोन वर्षं जळले, आणि त्या जळण्याचं पुढे काय झालं ते सांगायला बसले आहे.

आमची घोडेस्वारी शिकवायची शाळा आहे, शहराच्या अगदी कडेला. धाकटे दीर मुलांना शिकवतात. आमचे हे नाल ठोकतात, कुंपणं दुरुस्त करतात आणि उरलेल्या वेळात कुठे काय बिघडलंय ते मला येऊन सांगतात. चारा, दाण्याची चंदी, औषधपाणी सगळं माझ्याकडे. सव्वीस वर्षं झाली. कुठल्या घोड्याची लीद आज पातळ आहे हे मी लांबून सांगते. त्यात मिरवण्यासारखं काही नाही, पण मला त्याचा अभिमान आहे, आता काय करू.

ठमी माझी. कागदोपत्री शाळेची, पण माझी. जन्मली तेव्हा तिच्या आईला दूधच उतरलं नाही, महिनाभर मी बाटलीने पाजलं. पोट असं गरगरीत व्हायचं की दीर म्हणाले, "वहिनी, ही घोडी नाही, ठमी आहे." तेच नाव राहिलं. अकरा वर्षांची झाली तरी मागचा डावा पाय ती माझ्याशिवाय कुणाला उचलू द्यायची नाही. ह्यांना नाल ठोकायचा असला की मला हाक यायची. मग मी हातातलं काम टाकून, वरवर कुरकुरत आणि आतून खूश होत जायचे.

मग धाकटी लग्न होऊन आली. आधी टपाल कचेरीत शिक्के मारायची. बारीक चणीची, हळू बोलणारी, आणि तुम्ही काहीही सांगा, "हो का?" म्हणणारी. पहिल्याच दिवशी खराऱ्याला घोड्याचा कंगवा म्हणाली. मी जेवताना ते सगळ्यांना सांगितलं, दोनदा. तीही हसली. रडली असती तर मी जवळ घेतलं असतं, पण हसली म्हणून मला राग आला.

पंधराव्या दिवशी तबेल्यात गेले तर ठमीचा मागचा डावा पाय धाकटीच्या मांडीवर! ती आपली खुरातली घाण काढतेय आणि ठमी डोळे अर्धे मिटून उभी.

"अगं, लाथ घालेल ती!" मी ओरडले.

"हो का?" धाकटी म्हणाली. "मी नुसतं 'पाय दे गं' म्हटलं, तिने दिला."

पाय दे गं म्हणे! अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. त्या दिवशी ह्यांनी वर आणि मीठ चोळलं. "बरं झालं, आता तुला सारखं पळत यायला नको." मी म्हटलं, हो ना, बरंच झालं. आणि भांडी इतकी आपटली की एका कपाचा कान तुटला.

तेव्हापासून सुरू झालं. धाकटी तबेल्यात शिरली की ठमी घशातल्या घशात हुंकार द्यायची, तो जवळच्या माणसाला बघून घोडे देतात तो. पूर्वी तो माझ्यासाठी असायचा. आता मी शिरले तर नुसती मान वर करून बघायची, अच्छा, तू होय, म्हणून. मी मुद्दाम धाकटीला लांबची कामं सांगायचे. नळावर जा, खोगिरं पूस, पलीकडच्या म्हाताऱ्या घोड्याच्या तोंडाला दाण्याचा तोबरा बांध. ती सगळं करून पुन्हा ठमीपाशी हजर. तिच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. कळून काय उपयोग? डोळ्यांत खुपायचं ते खुपायचंच.

आता त्या गवताचं सांगते, कारण सगळं तिथेच झालं. आमचं स्वतःचं गवताचं रान आहे, ओढ्यापर्यंत उतरत गेलेलं. वर्षातून एकदा कापायचं, वाळवायचं, गठ्ठे बांधून माळ्यावर रचायचं. त्या रानात एक पिवळ्या फुलांचं रोप उगवतं. आम्ही त्याला नुसतं पिवळी म्हणतो. घोड्याला ते विष. हिरवं असताना कडू लागतं म्हणून घोडा तोंड लावत नाही. पण वाळलं की कडूपणा जातो आणि विष तसंच राहतं, मग गवतात मिसळलं की घोडा मिटक्या मारत खातो. म्हणून कापणीच्या आधी चार दिवस मी सगळं रान पायाखाली घालते. पिवळी दिसली की मुळासकट उपटायची आणि तिथल्या तिथे पोत्यात. खाली ठेवायची नाही, क्षणभरसुद्धा नाही. हा नियम माझाच. नव्या माणसाकडून मी तो तीनतीनदा म्हणवून घेते.

त्या वर्षी धाकटीने विचारलं, "जाऊबाई, मी येऊ मदतीला?"

"नको. त्याला डोळा तयार व्हावा लागतो. शिक्के मारण्याइतकं सोपं नाही ते."

"हो का?" म्हणाली आणि गेली बिचारी.

चौथ्या दिवशी ओढ्याकाठचा कोपरा तेवढा उरला होता. तिथे ओल असते, गवत लुसलुशीत आणि कमरेएवढं, आणि पिवळीही तिथेच जास्त. पोतं भरलं होतं. म्हटलं, आता एवढ्यासाठी वर जाऊन रिकामं करून येण्यापेक्षा इथलं उपटून बाजूला टाकते आणि मग एकदमच भरून नेते. नियम मीच केला, मीच मोडला. पाचसहा ढीग घातले असतील गवतात. तेवढ्यात कुंपणापलीकडून धाकटी ठमीला घेऊन चालली होती. दोर इतका सैल की असून नसल्यासारखा.

मी हाक मारली. "ठमे!"

ठमीने एक कान माझ्याकडे केला. एकच. आणि धाकटीच्या खांद्यावर हनुवटी टेकवून उभी राहिली.

मी भरलेलं पोतं उचललं आणि तरातरा घरी निघून आले. बाकीचं डोक्यातून साफ गेलं. शपथेवर सांगते, गेलं. डोक्यात फक्त ती हनुवटी होती. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं, रान झालं. कापायच्या आधी दिरांनी बांधावर उभं राहून नजर टाकली. "वहिनी, एक पिवळा ठिपका नाही! मानलं तुम्हाला." दिसणार कुठून? उभी पिवळी दिसली असती. उपटलेली खाली पडून सुकत होती, कमरेएवढ्या गवतात.

कापलेलं गवत वाळलं, गठ्ठे आले. ओढ्याकाठचे बारा गठ्ठे मी हाताने ओळखले, इतके मऊ आणि सुवासिक होते. तेव्हा माझ्या सुपीक डोक्यात कल्पना आली. हे बारा मी माळ्यावर मागच्या बाजूला वेगळे रचले. दुपारी दोन वाजता सगळे जेवून आडवे झाले की मी गुपचूप तबेल्यात जायचे, त्यातलं कवळभर काढायचे आणि ठमीला माझ्या हाताने घालायचे. फक्त ठमीला. धाकटी देते ते सगळ्यांसारखं, मी देते ते वेगळं. घोड्यालाही कळायला नको का, आपलं माणूस कोण ते?

आणि कळलं की! आठ दिवसांत माझ्या चपलांचा आवाज आला की ठमी हुंकारायला लागली. धाकटी शेजारी उभी असली तरी मान वळवून माझ्याकडे. एकदा तर धाकटी खरारा करत होती आणि ही तिला ढकलून माझ्याकडे आली. धाकटी हसून म्हणाली, "शेवटी तुमचीच हो ती, जाऊबाई." मी तोंडदेखलं म्हटलं, "असं काही नाही गं." पण त्या दिवशी मी चक्क गाणं गुणगुणत जेवण वाढलं. ह्यांनी विचारलं, बरं आहे ना?

असे तीन महिने गेले.

पहिल्यांदा वजन उतरलं. बरगड्या दिसायला लागल्या. ठमी आणि बरगड्या! मी चंदी वाढवली. मग जांभया सुरू झाल्या, एकामागून एक, दहा-दहा. शिकणारी मुलं हसायची, ठमीला अभ्यासाचा कंटाळा आला म्हणायची. नाकावर तिला पांढरा पट्टा आहे, तो उन्हाने भाजल्यासारखा लाल झाला आणि सोलला. आणि एक दिवस सकाळी बघितलं तर कपाळ भिंतीला दाबून उभी. हाक मारली तरी वळेना. भिंत ढकलायची आहे जणू.

डॉक्टर आल्या. या बाई कमी बोलतात आणि गोड तर अजिबात बोलत नाहीत, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास. त्यांनी डोळ्याची पापणी खाली ओढली, मला दाखवलं. पिवळं होतं. हिरड्याही पिवळ्या. रक्त घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी परत आल्या तेव्हा आम्ही चौघंही तबेल्यात उभे होतो.

"लिव्हर गेलंय," त्या म्हणाल्या. "सगळं नाही, पण बरंच. लिव्हर वाईट असतं, चारातले तीन भाग खराब होईपर्यंत तोंडातून शब्द काढत नाही. मला पिवळ्या फुलांचं ते झाड वाटतंय. बाकीच्या सातांना काही नाही?"

"काही नाही," दीर म्हणाले.

"मग हिने एकटीने काय खाल्लं?"

आता सांगा. मी त्या क्षणी कुठे होते? त्यांच्यापासून हातभर अंतरावर. आणि मला ते पाचसहा ढीग दिसले, स्वच्छ, आत्ता घातल्यासारखे. मी काही बोलायच्या आत हे म्हणाले, "गवताचा प्रश्नच नाही डॉक्टर. रान हिने बघितलंय. आणि तेच गवत बाकीचेही खातायत." सव्वीस वर्षांचा संसार, या माणसाने माझं कौतुक करायला हाच मुहूर्त काढला.

दीर हळूच म्हणाले, "ही संध्याकाळी ठमीला ओढ्याकाठच्या वाटेने फिरवते. तिथे चरते ती."

सगळ्यांनी धाकटीकडे बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक.

"तिथे पिवळी होती," ती म्हणाली. "पण ठमी तिला तोंड लावत नव्हती. मी बघत होते. मला वाटतं मी बघत होते."

"हिरवी सहसा खात नाहीत," डॉक्टर म्हणाल्या, "पण एखाद्या जनावराला चटक लागते. मला तरी अजून नक्की वाटत नाही. गवतही तपासा."

"तपासते," मी म्हटलं.

हे डॉक्टरांसमोरचं माझं एकमेव वाक्य. हिरवी पिवळी घोडा खात नाही, हे सगळ्यांना शिकवणारी मी, मी गप्प राहिले. आणि खरं सांगू? धाकटीचा तो चेहरा बघून माझ्या मनात कुठेतरी खोल, अगदी खोल, बरं वाटलं. एवढंसं. ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

डॉक्टरांची गाडी फाटकाबाहेर पडली तशी मी माळ्यावर चढले. बारातले तीन गठ्ठे उरले होते. सोडले. काड्यांत काड्या, पण मला ओळखायला कितीसा वेळ लागणार? डोळा तयार ना माझा! करडी झालेली पानं, सुकलेली गोंड्यांसारखी फुलं, मुळं आणि मुळांना चिकटलेली माती. माती कापलेल्या गवताला नसते, उपटलेल्यालाच असते. मी तिथेच बसले. मग उठले, तिन्ही गठ्ठे खाली टाकले आणि मागच्या खड्ड्यात जाळले. ह्यांनी विचारलं, काय जाळतेस? म्हटलं, बुरशी लागली होती.

धाकटीने त्या दिवसापासून तबेल्यात पाऊल टाकलं नाही. कुणी तिला दोष दिला नव्हता, दिरांनी तर शंभरदा समजावलं. पण ती म्हणायची, "माझ्या हातांवर माझा विश्वास राहिला नाही." वरच्या मजल्यावर बसायची, खोगिराखालची कापडं धुवायची, वाळत घालायची, पुन्हा धुवायची. मी ताट घेऊन गेले तर म्हणाली, "जाऊबाई, ती आता तुमच्याकडेच असू दे. तुमच्याकडे असती तर हे झालंच नसतं."

तर अशी ठमी माझी झाली. पुरती, एकटीची. दोन वर्षं जे मागत होते ते पदरात पडलं.

डॉक्टरांनी सगळं लिहून दिलं होतं. दिवसा उन्हात काढायची नाही, ठाणातच, खिडकीला गोणपाट. नाकाला मलम. चंदी बंद, जड काही नाही. दिवसातून पाच वेळा थोडं थोडं: भिजवलेला बीटचा चोथा, भरडलेला मका, वर काकवीचं पाणी, त्यातच औषधाची पूड. आणि दर वेळी एकच ताकीद: "हिने खाल्लं पाहिजे. लिव्हरच्या घोड्याने खाणं सोडलं की माझ्या हातात काही राहत नाही."

पहिले दहा-बारा दिवस थोडं थोडं खाल्लं. मग कमी केलं, मग सोडलं. मी बादली घेऊन शिरले की हुंकारायची. तोच, माझ्यासाठीचा, ज्याच्यासाठी मी एवढा उपद्व्याप केला. मग बादली हुंगायची, तोंड फिरवायची, आणि माझी बाही हुंगायची, पदर हुंगायची, आणि मान वर करून माळ्याकडे बघायची. माझ्याकडे ती ते गवत मागत होती. मी समोर उभी असले की तिला दुसरं काही नकोच होतं. मी हाताने भरवलं, चोळून ओठाला लावलं, रागावले, रडले. तिने जिभेने बाहेर ढकललं. बाटलीने पाजलेलं पोर माझ्या हातचं खाईना.

ह्यांनी प्रयत्न केला, दिरांनी केला. दोन घास, की संपलं. तीन दिवस असे गेले. डॉक्टर आल्या, ठमीच्या पोटाला कान लावून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग मला बाहेर बोलावलं.

"परवापर्यंत वाट बघते. खाल्लं नाही तर इंजेक्शनचा विचार करावा लागेल. हाल करून जगवण्यात अर्थ नाही." मग म्हणाल्या, "ती दुसरी कुठे गेली? बारीकशी? तिच्याजवळ शांत असायची ही. तिला का नाही बोलवत?"

"ती येत नाही म्हणते."

"तुम्ही थोरल्या ना? आणा तिला."

मी वर गेले. सकाळचे अकरा वाजले असतील. धाकटी सज्जात दोरीवर कापडं घालत होती.

"खाली चल," मी म्हटलं. "ती खात नाही. तुझ्या हातचं खाईल."

"नाही हो. माझ्या हातानेच तर..."

"चल म्हणते ना!"

"जाऊबाई, पाया पडते, मला नका सांगू." आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "मी रोज तिच्या तोंडाकडे बघायचे, हो. एक पान गेलं असेल माझी नजर चुकवून, दोन गेली असतील. पुन्हा चुकलं माझं तर?"

मी जिन्याकडे वळले. खरंच वळले. दोन पायऱ्या उतरलेसुद्धा. म्हटलं, मी सांगितलं, ती येत नाही, मी काय करू. खाली गेले असते, डॉक्टरांना तसं सांगितलं असतं, आणि कुणाला कधी काही कळलं नसतं. ठमी परवा गेली असती. आणि आयुष्यभर घरात सगळे म्हणाले असते, थोरलीने जिवाचं रान केलं हो तिच्यासाठी.

तशीच परत वर आले.

"तू काही घातलं नाहीस तिला," मी म्हटलं. "मी घातलं."

ती माझ्याकडे वळली.

मग मी सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात, कारण थांबले असते तर पुढचं गिळलं असतं. ढीग, हनुवटी, बारा गठ्ठे, दुपारचे दोन. का घातलं तेही सांगितलं. "तुझ्यावर जळत होते," म्हटलं. "पहिल्या पायापासून. तिने तुझ्याकडे बघू नये म्हणून घालत होते." ते बोलताना माझा आवाज चढला, जसं काही चूक तिचीच होती. सवय.

धाकटीच्या हातातलं कापड दोरीवरच राहिलं. खालून ह्यांच्या हातोडीचे ठोके ऐकू येत होते.

"तुम्हाला कधी कळलं?" तिने विचारलं.

"डॉक्टर रक्ताचं सांगायला आल्या, तेव्हाच."

"म्हणजे सतरा दिवस."

"हो."

"सतरा दिवस तुम्ही मला ताट आणून देत होता."

तिने शिव्या दिल्या असत्या तर मला जमलं असतं, शिव्यांना माझ्याकडे उत्तरं असतात. तिने डोळे पुसले, चेहऱ्यावरून ओला हात फिरवला आणि विचारलं, "डॉक्टरांना सांगितलं?"

"नाही."

"मग आधी त्यांना सांगा. किती दिवस, रोज किती, सगळं. आहेत ना खाली?"

खाली उतरलो. ती पुढे, मी मागे. डॉक्टर हात धूत होत्या, दीर टॉवेल घेऊन उभे. मी सांगायला लागले तशी हातोडी थांबली आणि हेही आले. तिघांसमोर दुसऱ्यांदा सांगितलं. दुसऱ्यांदा सोपं जातं म्हणतात, खोटं आहे. डॉक्टरांनी फक्त आकडे विचारले आणि वहीत लिहून घेतले. "आता बंद आहे ना ते? मग आशा आहे, थोडी," एवढंच म्हणाल्या. दिरांनी माझ्याकडे बघितलंच नाही. हे ऐरणीकडे परत गेले. ठोके मात्र पुन्हा सुरू झाले नाहीत.

धाकटीने तोवर पदर खोचून चोथा कालवायला घेतला होता. मी म्हटलं, काकवी थोडी जास्त घाल. तिने ऐकलं नाही, की ऐकून सोडून दिलं, कोण जाणे. बादली उचलली आणि ठाणात गेली.

मी दाराशी थांबले. ठमीने आधी माझ्याकडेच पाहिलं, माझी चाहूल लागली म्हणून, आणि पुन्हा ते माळ्याकडे मान वर करणं. धाकटीने तिच्या आणि माझ्यामध्ये पाठ केली. बादली खाली ठेवून स्वतः भुईवर बसली, आणि हळू आवाजात काहीतरी बोलायला लागली. शब्द मला ऐकू आले नाहीत. बराच वेळ तसाच गेला. मग ठमीने मान खाली घातली. धाकटीच्या ओंजळीत नाक घातलं. एक घास. चावला. गिळला. थांबली. मग दुसरा.

मी मोजत होते. सहा घास झाले, सात झाले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि आनंद झाला होता, खरंच झाला होता. आणि त्या आनंदाच्या बरोबरीने, तिथल्या तिथे, पोटात ती जुनी कळ उठली. की तिच्या हातून खाल्लं. माझ्या नाही. घोडी मरणाच्या दारातून मान वळवतेय आणि मी उभी राहून जळतेय. मला वाटलं होतं सांगून टाकलं की हे जाईल. गेलं नाही.

आठवा घास घेताना ठमीने डोकं उचलून पुन्हा दाराकडे पाहिलं. चावणं थांबलं.

"जाऊबाई," धाकटी म्हणाली. मागे न वळता, आणि आवाज अजिबात न चढवता. "तुम्ही दिसलात की ती खायची थांबते. दार लावून घ्या."

मी आत पाऊल टाकलं, दार ओढायला.

"बाहेरून," ती म्हणाली.

मी बाहेर आले आणि कडी घातली.